डिझेलचे युनिट कितीला पडते?

रात्रपाळीची वीज बुडाली की कांद्याच्या रानात इंजिन लावावेच लागते. त्याचा हिशेब सरकार मांडत नाही, आपणही मांडत नाही. 2024 मध्ये डिझेल लिटरला 90 रुपयांच्या आसपास होते. छोटा जनरेटर लिटरमागे फार तर 3 युनिट देतो. म्हणजे नुसत्या तेलाचेच युनिटला 30 रुपये, त्यातही केंद्र आणि राज्य दोघांचा कर! ऑईल, दुरुस्ती, कॅन वाहण्याचा खर्च वेगळा. त्याच सुमारास मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली वीज सरकारला युनिटला 3 रुपयांच्या आसपास मिळाली.

पण ती दिवसाची वीज. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर दिवा रात्री लागतो, आणि आषाढात ऊन दिसत नाही. बॅटरीचा खर्च धरला की फरक घटतो. डिझेल तरीही महागच.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी 5. दुरुस्तीची हमी 5 वर्षांची. सहाव्या वर्षी पंप बसला तर पुन्हा इंजिनच! तालुक्याला दुरुस्ती केंद्र हवे, ही मागणी जिल्हा बैठकीत ठेवायची आहे. भावांनो, येताना आपापल्या गावातले बंद पंप मोजून या.