देवमाशांच्या मृत्यूचा तपास आणि नौदलाचे सोनार : मुख्य वन्यजीव रक्षकांना निवेदन

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, वन भवन, सिव्हिल लाईन्स, नागपूर.

विषय : कोकण किनाऱ्याला लागणाऱ्या देवमाशांच्या मृत्यूचे कारण शोधण्याची पद्धत ठरवून देणे व त्या तपासासाठी नौदलाकडून सोनारच्या वापराची माहिती मिळवणे याबाबत.

संदर्भ :
१) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२.
२) किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या समुद्री प्राण्यांबाबत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना, जानेवारी २०२१.

महोदय/महोदया,

आम्ही कन्हान-पिपरी व परिसरातील नागरिक, शिक्षक आणि विद्यार्थी आपणांस सविनय निवेदन करतो की,

देवमासा वाघाप्रमाणेच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि दोघांच्या रक्षणाची राज्यातील जबाबदारी आपल्या कार्यालयाकडे आहे. ते कार्यालय नागपुरात असल्याने समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्ही हा विषय आपल्यापुढे मांडणे वावगे नाही. पेंच व्याघ्र प्रकल्प आमच्या शेजारी आहे. तिथे वाघ मेला की पुढे काय होते, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जागा बंदिस्त होते, पशुवैद्यकांचे पथक शवविच्छेदन करते, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत तो मृत्यू शिकारीचाच मानला जातो. हीच शिस्त देवमाशाच्या मृत्यूला लागू व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर ब्राइड्स जातीच्या देवमाशाचे धूड आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले. वन विभाग, ग्रामस्थ आणि इतर यंत्रणांनी ते खोल पाण्यात नेण्यासाठी जिवाचे रान केले, तरीही ते वाचले नाही. दरवेळी गर्दी होते, छायाचित्रे निघतात, जेसीबीने खड्डा खणून धूड पुरले जाते. मृत्यू कशाने झाला, याचा अहवाल मात्र लोकांपुढे येत नाही. जहाजाची धडक, जाळे, आजार, उपासमार किंवा आवाज, यांपैकी कोणतेही कारण असू शकते.

या यादीतले आवाज हे कारण जगात सिद्ध झालेले आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. पाणबुडी शोधण्यासाठी युद्धनौका सोनारमधून ध्वनीचे तीव्र ठोके सोडतात आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतात. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे व डॉल्फिन किनाऱ्याला लागले. पुढच्या वर्षी खुद्द अमेरिकी नौदलाने अमेरिकेच्याच मत्स्य विभागासह काढलेल्या अहवालात मध्यम वारंवारतेचे सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण असल्याचे मान्य केले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नाटोच्या सरावावेळी १४ चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागले. शवविच्छेदनात त्यांच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आढळले. खोल बुडी मारणारे हे प्राणी आवाजाने बिथरले, की त्यांच्या बुडीचे नैसर्गिक गणित बिघडते आणि बुडी मारणाऱ्या माणसांना होतो तसा विकार जडतो, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती सोनारच्या वापरावर बंदी घातली आणि त्यानंतर तिथे तसे सामूहिक मृत्यू नोंदले गेले नाहीत. हे शक्य झाले ते ताज्या शवांचे शवविच्छेदन वेळेत झाले म्हणून.

मात्र कोकणातील मृत्यू सोनारमुळेच झाले, असे आम्ही म्हणत नाही. सर्वांत भक्कम पुरावा चोचवाल्या देवमाशांबाबतचा आहे. निळे देवमासे अशा आवाजाने खाणे थांबवून दूर जातात, असे कॅलिफोर्नियाजवळच्या २०१३ मधील अभ्यासात दिसले. परंतु खाणे थांबणे आणि मरणे यांत अंतर आहे.

नौदलाला सोनार का लागते, याचीही आम्हाला जाणीव आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, त्यात १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. वसईजवळच्या किल्ल्याचे नाव धारण करणारी आयएनएस अर्नाळा जून २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली, तीही उथळ पाण्यातील पाणबुड्या शोधण्यासाठीच. कामठी छावणीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला सरावाचे मोल कुणी सांगायला नको. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये सरावाच्या गरजेला झुकते माप दिले. तरीही सात वर्षांनी तिथल्या नौदलाने हवाई आणि दक्षिण कॅलिफोर्नियाजवळच्या काही संवेदनशील भागांत सोनारचा वापर मर्यादित ठेवण्याचे मान्य केले. संरक्षण आणि संवर्धन यांची सांगड घालता येते, ती अशी. पण त्यासाठी आधी माहिती हवी.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१) २०२१ च्या केंद्रीय सूचनांच्या आधारे महाराष्ट्रासाठी बंधनकारक कार्यपद्धती जारी करावी. शव ताजे असेल तर शवविच्छेदनाशिवाय ते पुरू नये. कुजण्याने पुरावा पुसला जातो, त्यामुळे पथक शक्यतो २४ तासांत पोहोचावे. आतला कान, मेंदू, फुप्फुसे व रक्तवाहिन्यांतील वायू यांचे नमुने घेणे सक्तीचे असावे.

२) नागपुरात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने, मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला केंद्र करून, पालघर ते सिंधुदुर्ग या सर्व समुद्री जिल्ह्यांसाठी प्रशिक्षित पथके उभारावीत.

३) पश्चिम नौदल कमांड, मुंबई यांच्याशी लेखी संपर्कव्यवस्था ठरवावी. देवमासा किनाऱ्याला लागल्यावर, आधीच्या आठवड्यात त्या पट्ट्यात सक्रिय सोनार वापरले होते काय, एवढाच प्रश्न विचारला जावा. उत्तर गोपनीय राहिले तरी चालेल, पण ते तपास अधिकाऱ्याला मिळावे. गोळीबाराच्या सरावाआधी खलाशांना इशारे दिले जातातच, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

४) बारा सागरी मैलांपलीकडचा समुद्र केंद्राच्या अखत्यारीत येतो. म्हणून सरावाआधी देवमाशांची टेहळणी, ध्वनीची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि प्राणी जवळ दिसल्यास ठोके थांबवणे, या तीन उपायांची शिफारस राज्य शासनामार्फत संरक्षण मंत्रालयाकडे पाठवावी.

५) गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने कोकणच्या समुद्रात पाण्याखालील आवाजाची कायम नोंद ठेवावी. व्यापारी जहाजांचा आवाजही तीत यावा, म्हणजे दोष एकट्या नौदलावर ढकलला जाणार नाही. सिंधुदुर्गच्या समुद्रात २०१५ मध्ये निळे देवमासे संशोधकांना दिसले होते, तिथून सुरुवात करावी.

६) जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छिमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. देवमासा दिसल्याची किंवा किनाऱ्याला लागल्याची खबर लगेच देणाऱ्या मच्छिमारांनाही मानधन द्यावे.

७) प्रत्येक घटनेचा अहवाल, कारण ठरले नसेल तर तसे नमूद करून, मराठीत प्रसिद्ध करावा. रेवदंडा, जुहू आणि गणपतीपुळे येथील उपलब्ध कागदपत्रांपासून आरंभ व्हावा.

यांपैकी पहिली, दुसरी, सहावी आणि सातवी मागणी राज्याच्या पातळीवरच मार्गी लागू शकते, त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागणार नाही. पावसाळ्यात किनाऱ्याला शवे लागण्याचे प्रमाण वाढते, म्हणून कार्यपद्धती त्याआधी लागू व्हावी. या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हाला द्यावी आणि चर्चेसाठी वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
कन्हान-पिपरी व परिसरातील नागरिक, शिक्षक आणि विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१) मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
२) मा. ध्वजाधिकारी, पश्चिम नौदल कमांड, मुंबई
३) कांदळवन कक्ष, मुंबई
४) मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर