परदेशचा आखाडा

एका वाचक आजोबांचें पत्र आलें आहे. त्यांचा नातू महाविद्यालयांत शिकतो आणि हौसेनें मुष्टियुद्ध खेळतो. दोन महिन्यांनीं त्याची एक लढत आहे. तत्पूर्वीं महिनाभर थायलंडांत जाऊन तालीम करावी, असा त्याचा हट्ट आहे. आजीबाईंचें म्हणणें, "मार खावयास समुद्र कशाला ओलांडावयाचा?" काकांचें म्हणणें, "जाऊं द्यावें. मुलगा धीट होईल." आजोबांनीं निवाडा आमच्यावर सोपविला आहे. निवाड्याचा अधिकार अर्थात् घरच्यांचाच. परंतु विचारास साहाय्य होईल असें एक उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलेलें आहे, तें प्रथम सांगतों.

कराडजवळील गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. कोल्हापूरच्या महाराजांनीं त्यांच्या प्रवासाचा भार उचलला होता. तोंपर्यंतचा त्यांचा सारा अभ्यास तांबड्या मातींतला. आपल्या आखाड्यांतील माती ताक, तेल व हळद घालून मऊ केलेली असते. मल्ल तींत अनवाणी उतरतो, पाऊल रोवून उभा राहतो, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकविली म्हणजे जिंकतो. लंडनला सामना होता गादीवर. पायांत बूट, वेळेचें बंधन, आणि चीतपट न झाल्यास पंचांच्या मतानें निकाल. तेथील मुक्कामांत रीस गार्डनर ह्या अमेरिकन मल्लानें त्यांस मार्गदर्शन केलें, आणि गादीची संवय नसतांहि ५२ किलोच्या वजनगटांत खाशाबांनीं सहावा क्रमांक मिळविला.

आतां लंडनच्या तालमीनें त्यांस काय दिलें? बळ दिलें नाहीं. तें गोळेश्वराहून नेलेलें होतें. हिंमतहि दिली नाहीं. ज्यानें कौमुदी मुखोद्गत केली आहे, त्यासहि इंग्रजी बोलावयाचें झाल्यास नव्यानें जीभ वळवावी लागते. परंतु भाषा म्हणजे काय हें त्यास पुनः शिकवावें लागत नाहीं. परदेशचा उस्ताद एवढेंच करूं शकतो. घरून नेलेली विद्या परक्या भूमीवर व परक्या नियमांत कशी वापरावी, तें तो दाखवितो. मूळची विद्या कच्ची असेल, तर त्याच्याजवळ दाखवावयास कांहींच उरत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गादीची ही ओळख घेऊन खाशाबा परत आले, आणि चार वर्षें मेहनत करून १९५२ सालीं हेलसिंकीस गेले. तेथें ५७ किलोच्या वजनगटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठीं देशाला १९९६ सालच्या लिअँडर पेस ह्यांच्यापर्यंत ४४ वर्षें वाट पाहावी लागली. म्हणजे लंडनला जें पेरलें, तें चार वर्षांनीं पिकलें. परदेशांत शिकलेलें अन्नाप्रमाणें पचावें लागतें. पंगतींतून उठल्याबरोबर कोणी धांवावयास लागत नाहीं.

ह्या दृष्टीनें चिरंजीवांचा बेत पाहूं. थायलंडांतील तालमींत दिवस पहांटेच्या धांवण्यानें सुरू होतो. मग दोरीवरच्या उड्या, आणि उस्तादानें हातांत धरलेल्या जाड गाद्यांवर प्रहारांचा सराव. दुपारीं विश्रांति, व सायंकाळीं पुनः तेंच. शिवाय एकमेकांची मान धरून झोंबणें. तेथील मल्ल मुठीप्रमाणेंच कोपर, गुडघा आणि नडगी ह्यांनींहि प्रहार करितात. लढतीपूर्वीं ते "वाई क्रू" नांवाचें गुरुवंदन करितात. त्यांतील "क्रू" हा आपला "गुरु" शब्दच होय. विद्या थोर आहे, शिकण्याजोगी आहे. परंतु चिरंजीवांची लढत मुष्टियुद्धाची आहे, आणि मुष्टियुद्धांत कोपर, गुडघा व लाथ हीं तीनहि निषिद्ध. जें वापरावयाचें नाहीं, त्याच्या अभ्यासांत महिन्यांतला मोठा भाग जाईल. पहिला आठवडा तर दमट उष्म्यांत अंग ठणकण्यांतच सरेल. जो थकून परतेल, तो लढतीस ताजा कसा उतरणार?

दोन धोके वडील मंडळींनीं अवश्य ध्यानांत ठेवावे. पहिला वजनाचा. खालच्या गटांत बसावें म्हणून तरुण मुलें पाणी तोडतात व घाम गाळून शरीर सुकवितात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशा रीतीनें वजन उतरवितांना मृत्युमुखीं पडले, आणि त्यानंतर तेथील नियम बदलण्यांत आले. दुसरा धोका डोक्यावरील माराचा. मार लागून चक्कर आली, तर डॉक्टरांची अनुज्ञा मिळेपर्यंत सराव बंद. लढत हुकेल ह्या भीतीनें मुलगा तें लपवूं पाहतो, आणि दूरदेशीं लपविणें सोपें असतें. घरीं आई त्याचा चेहरा पाहून ओळखते.

खाशाबांच्या चरित्रांतील आणखी एक प्रसंग काकांसाठीं सांगतों. हेलसिंकीच्या प्रवासाचे पैसे जमेनात, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. एवढ्या त्यागानें गेलेला मल्ल तेथें मात्र एकटा पडला. असें सांगतात कीं, जपानच्या इशिई ह्यांच्याशीं दमविणारी झुंज संपतांच त्यांस सोव्हिएत मल्ल मम्मदबेयोव्ह ह्यांच्यापुढें उभें करण्यांत आलें. मध्यें अर्धा तास विसांवा देण्याचा नियम होता. परंतु तो पंचांस सांगावयास कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता. घर गहाण टाकणारा मनुष्य मिळाला, नियम सांगणारा मिळाला नाहीं.

म्हणून आमचें मत असें. ही लढत चिरंजीवांनीं आपल्याच उस्तादाच्या हाताखालीं तयारी करून लढावी. हरला तरी काय उणें आहे तें कळेल, आणि जिंकला तरी तें कळल्याविना राहणार नाहीं. तें उणें कागदावर लिहून, पुढील मोठ्या सुट्टींत, कोणतीहि लढत समोर नसतांना, त्यास खुशाल थायलंडास पाठवावें. खर्चाची काळजी घरानें करावी. काकांनीं मात्र आजपासूनच मुष्टियुद्धाचे नियम वाचावयास घ्यावे, आणि लढतीच्या दिवशीं पुतण्याच्या जवळ उभें राहावें. धीट व्हावयाचें तें मुलगा होईलच. पण त्याच्या वतीनें बोलणारा एक तरी मनुष्य घरांत तयार असला पाहिजे.