तुटना का रे पंख?

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना एसटीने खतरनाक वळण घेतलं की शेजारचे काका अख्खे आपल्या अंगावर येतात ना? त्याचा मोठा भाऊ म्हणजे जी-फोर्स. ९ जी म्हणजे ७० किलोचा माणूस चक्क ६३० किलोचा! रक्त पायाकडे पळतं, आधी रंग फिके पडतात, मग कडा काळ्या होतात, मग लाइट गुल.

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये यातलं काही होत नाही. तुम्ही खुर्चीत, बाजूला चहा. जळगावला माझा मावसभाऊ डीसीएस वर्ल्डमध्ये मिग-२१ उडवतो. (खरी मिग २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून रिटायर झाली, त्यातली कित्येक आपल्या ओझरला बनलेली.) दिवसाआड त्याचा पंख उखडतो. मावशी दारातून थंडपणे विचारते, ‘‘तुटना का रे पंख परत?’’

तुटणारच! अंगाला काही कळतच नाही. जी-मीटर असतं, पण ऐन मारामारीत त्याच्याकडे बघतो कोण? मग पब्लिक स्क्रीनच्या काळ्या कडांवर भरवसा ठेवतं. इथेच घोळ आहे. अंधारी यायला काही सेकंद लागतात, पंखाला तेवढा वेळ नको. एक जोरदार झटका पुरतो. म्हणजे काळी कडा पायलटची हालत सांगते, विमानाची नाही.

खरा फंडा वेगाचा आहे, बॉस. वेग दुप्पट झाला की पंख चौपट जोर लावू शकतो. हळू असताना स्टिक कितीही ओढा, पंख मोडण्याआधी स्टॉल होतो, विमान थरथरतं, तुम्ही वाचता. वेगात असताना मात्र पंख उचलतच राहतो आणि शेवटी धातू हार मानतो. त्यात खाली बॉम्ब आणि भरलेल्या टाक्या लटकवल्या तर मर्यादा आणखी खाली. ओढता ओढता रोलही केलात तर एका पंखावर जास्त भार. म्हणून आधी वेग बघायचा, मग हात चालवायचा.

आता हे सगळं नुसतं खेळापुरतं राहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात स्वारी धुळ्याला, गोंदूरच्या धावपट्टीवर, पायलट ट्रेनिंगला निघालीय. घरच्यांनी कर्ज काढलंय. सेसना १७२ ची नॉर्मल कॅटेगरीतली मर्यादा ३.८ जी. सात-सात जी ओढायला सरावलेला याचा हात! आणि तिथे सहसा जी-मीटरच नसतं. ‘‘अरे, तिथे सीटच सांगेल की,’’ तो म्हणतो. सांगेल, मान्य. पण हाताची सवय सीटच्या आधी पोचते, असं माझं मत.

तर सध्या मिग बंद. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवर सेसना चालू आहे. उंची न सोडता वळण घ्यायचं आणि किती जी ते बोलून दाखवायचं. मी शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन. हिशोब सोपा आहे: ४५ अंश कलला तर १.४, ६० ला २, आणि ७५ ला ३.८ चीही हद्द पार. काल ६० अंशांवर त्याने ‘तीन’ सांगितलं. परवा ‘चार’ म्हणाला होता.