कोलॅजेनचा डबा आणि सूनबाईंचें ताट

गेल्या महिन्यांत धरमपेठेंतील एका आप्तांच्या घरीं जाण्याचा योग आला. धाकटी सून चार महिन्यांपूर्वीं बाळंत झालेली. फणी फिरवितांच केसांचा पुंजका हातीं येई. तिनें कोलॅजेनच्या भुकटीचा डबा मागविला होता. सासूबाईंनीं तो सहज उचलला, तों त्यावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण! घरांत एकच खळबळ उडाली.

प्रश्न सोंवळ्याओंवळ्याचा आहे, तितकाच शास्त्राचाहि आहे. कोलॅजेन हें त्वचा, अस्थि व कंडरा यांतील प्रथिन होय. त्याच्या रेणूची तिपेडी वेणीसारखी रचना जी. एन्. रामचंद्रन् व गोपीनाथ कार्था यांनीं १९५४ सालीं मद्रास विद्यापीठांतून जगापुढें मांडली. बाजारांतील कोलॅजेन सामान्यतः गुरें, डुकरें अथवा मासे यांच्या कातडीहाडांपासून काढतात. वनस्पतींत तें मुळींच नसतें.

केस मात्र केराटिन नांवाच्या निराळ्याच प्रथिनाचा बनतो. खाल्लेलें कोलॅजेन पचनांत फुटून त्याचीं अमिनो आम्लें व लहान तुकडे होतात. तें जसेंच्या तसें केसांच्या मुळाशीं पोंचत नाहीं. त्यानें केस गळणें थांबतें, असा भक्कम पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं.

बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनीं पुष्कळ केस एकदम गळूं लागतात व बहुधा वर्षभरांत पुन्हा भरून येतात. मोठा ताप, थायरॉइडचा विकार आणि लोहाची उणीव हींहि कारणें असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून डब्याकडे वळण्यापूर्वीं, सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटांत काय उरतें, हें पाहावें.

शरीर आपलें कोलॅजेन स्वतःच घडवितें. त्यास प्रथिनांबरोबर क जीवनसत्त्व लागतें. तें आपल्या नागपुरी संत्र्यांत भरपूर आहे. जेवणासोबत संत्रें खाल्ल्यास डाळभाजींतील लोहहि अधिक अंगीं लागतें.

त्या घरीं सूनबाईंचें रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन कमी निघालें. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. केसांचें काय तें कालांतरानें दिसेलच. पण आतां सासूबाई तिला आपल्या शेजारीं घेऊन जेवावयास बसतात. एवढें औषध प्रत्येक घरास परवडण्याजोगें आहे.