गुण आहेत, मग नाव का नाही? समजून घ्या प्रसिद्धीचे गणित

नागपूरकराला सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाचा पत्ता सांगावा लागत नाही. पण ज्यांचे नाव या सभागृहाला आहे, त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली, हे किती जणांना ठाऊक आहे?

वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे तालीम झाली. १९३५ च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात ते कृष्ण झाले. तरीही घराघरांत नाव पोहोचायला ‘कट्यार काळजात घुसली’ यावे लागले. ते नाटक रंगभूमीवर आले डिसेंबर १९६७ मध्ये. वसंतराव तेव्हा ४७ वर्षांचे होते. गळा आधीही तोच होता. मिळाली ती त्या गळ्यासाठी लिहिल्यासारखी भूमिका. ती मिळालीच नसती तर?

प्रयोग काय सांगतो?

या ‘तर’चे उत्तर २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सापडते. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट होते. त्यांना आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी डाउनलोड केले, तो आकडाही दिसत होता.

गाणी तीच, पण प्रत्येक गटातले ‘हिट’ वेगळे निघाले. ‘५२ मेट्रो’ बँडचे ‘लॉकडाउन’ हे गाणे आकडा न दिसणाऱ्यांमध्ये मधल्या फळीत होते. आकडा दिसणाऱ्या एका गटात ते पहिले आले, दुसऱ्या गटात थेट चाळिसावे. खूप चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते.

असे का होते?

गणेश मंडळात माइक स्पीकरजवळ नेला की ‘कुंईऽऽ’ असा आवाज येतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा माइकमध्ये जातो. इंजिनीअरिंगमध्ये याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. प्रसिद्धीचेही तसेच आहे. व्ह्यूज दिसले की आपण क्लिक करतो. क्लिकमुळे व्ह्यूज वाढतात आणि अॅप ते गाणे आणखी लोकांपुढे ठेवते. सुरुवातीचा छोटासा फरक पुढे डोंगराएवढा होतो.

मग रियाजाला अर्थ नाही?

आहे. रियाजाने तुम्ही सोडतीत उतरता, पण चिठ्ठी निघेलच असे नाही. त्यात कामाचे स्वरूपही आडवे येते. सप्रे गुरुजींच्या हाताखाली वसंतराव शिकले, तसेच पुढे ‘अलबेला’ आणि ‘अनारकली’ला संगीत देणारे सी. रामचंद्रही शिकले. शिष्यांची नावे देशाला पाठ झाली, गुरूचे नाव जाणकारांपुरते राहिले. साथीदारांचेही तेच. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटके रंगतात. हजारोंची गर्दी होते, पण पेटी-तबल्यावरचा माणूस जिल्ह्याबाहेर कोणाला माहीत नसतो.

काही जण स्वतःच दूर राहतात. अन्नपूर्णा देवींनी (१९२७–२०१८) जाहीर मैफली सोडल्या आणि मुंबईतल्या घरी हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. अप्रसिद्धी म्हणजे नेहमीच अपयश नव्हे.

इंटरनेटने चित्र बदलले का?

दार उघडले, पण आत गर्दी झाली. गाणे अपलोड करणे सोपे आहे, ते ऐकले जाणे अवघड. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीत वाटा मिळत नाही. म्हणजे ज्याला पहिल्या पैशाची सर्वाधिक गरज, तोच बाहेर.

मुद्दा काय?

प्रत्येकाला प्रसिद्ध करणे कोणालाच शक्य नाही. पण ‘नाव नाही म्हणजे दम नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. त्याच हिशेबाने आयोजक मानधन कापतात, पत्रिकेत तबलजीचे नाव गाळतात आणि घरचे विचारतात, ‘अजून किती दिवस?’ नशीब वाटणे आपल्या हातात नाही. वेळेवर आणि पुरेसे मानधन, पत्रिकेवर प्रत्येक साथीदाराचे नाव आणि नवोदितांना परवडेल असे सभागृहाचे भाडे, एवढे मात्र आयोजक आणि प्रशासनाच्या हातात नक्कीच आहे.

आणि तुमच्या हातात? पुढचे गाणे निवडताना व्ह्यूजचा आकडा न पाहता ते ऐका. वसंतरावांना ४७ व्या वर्षी का होईना, ‘कट्यार’ मिळाली. ज्यांना ती मिळणार नाही, त्यांचे गाणे थांबू नये, एवढे तरी शहराने पाहावे.