सल्ला देणे सोपे, ऐकणे अवघड

एबेनच्या उंच इमारतींत आणि पोर्ट लुईच्या बँकांत एक्झिक्युटिव्ह कोच हा शब्द आता रुळला आहे. मोठ्या हुद्द्यावरील अधिकाऱ्याबरोबर ठराविक वेळी बसून, त्याच्या कामाविषयी त्यालाच नीट विचार करण्यास साहाय्य करणारा हा व्यावसायिक. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एखाद्या शिक्षकाला वा अधिकाऱ्याला हा व्यवसाय आकर्षक वाटणे साहजिक आहे, आणि आपल्या समाजातील माणसे त्यात उतरली तर आम्हांस आनंदच होईल. परंतु जन्मभराची पुंजी एखाद्या वर्गाच्या शुल्कात घालण्यापूर्वी काही गोष्टी पारखून घ्याव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.

डॉक्टर किंवा वकील म्हणवून घेण्यास कायद्याचे बंधन असते. कोच म्हणवून घेण्यास जगातील बहुतेक देशांत तसे बंधन नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्रही भिंतीवर टांगता येते. मग खरे प्रशिक्षण ओळखावे कसे? १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची मोजपट्टी येथे उपयोगी पडते. तिच्या पहिल्या पायरीसाठी ६० तासांचे शिक्षण व प्रत्यक्ष कामाचे १०० तास लागतात. दुसऱ्या पायरीसाठी १२५ व ५००. तिसऱ्या पायरीसाठी २०० व २५००. शिवाय अनुभवी कोचच्या देखरेखीखाली किमान तीन महिन्यांत पसरलेले १० तास काढावे लागतात, आणि दर तीन वर्षांनी मान्यतेचे नूतनीकरण करावे लागते.

आम्हां शिक्षकांना यात नवल वाटू नये. पाठ घेताना निरीक्षक मागच्या बाकावर बसून टिपणे काढत असल्याशिवाय आपल्यापैकी कोण शिक्षक झाला? पुस्तक वाचून वर्ग सांभाळता येत नाही, तसेच हेही.

मात्र शिक्षकाला या विद्येत एक अडचण येते. आपल्याला उत्तर देण्याची सवय असते. टिमोथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, सूचनांच्या भडिमाराने खेळाडू बिघडतो. स्वतःच्या खेळाकडे लक्ष देण्यास शिकवले तर सुधारतो. इंग्लंडच्या जॉन व्हिटमोर यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात हाच विचार कचेरीच्या कामाला लावला. ध्येय कोणते, आजची स्थिती काय, मार्ग कोणते, आणि नक्की करणार काय, या चार पायऱ्यांनी संभाषण पुढे न्यावे, ही पद्धत त्यांच्यामुळे सर्वत्र पोहोचली. समजा, एखादा अधिकारी म्हणाला, "माझ्या हाताखालची माणसे माझे ऐकत नाहीत." आपण लगेच म्हणू, "थोडे कडक व्हा." प्रशिक्षित कोच विचारील, "मागच्या बैठकीत काय काय झाले?" आणि गप्प बसेल. ते गप्प बसणेच शिकावे लागते, आणि त्यालाच तास लागतात.

आपल्या लहानशा बेटावर आणखी एक कसोटी आहे. येथे अधिकाऱ्याचा चुलतभाऊ आपल्या शेजारी राहतो, आणि गणपतीच्या विसर्जनाला सगळेच भेटतात. बोललेले गुप्त राहिले नाही तर कोचचा धंदा बुडेल हे गौण. त्या माणसाची नोकरी धोक्यात येईल. शुल्क बहुधा कंपनी भरते, आणि मग संचालकाला आतली गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते. म्हणून कोणाला काय सांगायचे व काय नाही, हे आरंभीच तिघांनी लिहून ठरवावे. समोरचा माणूस मानसिक आजाराने खचलेला दिसला, तर आपली मर्यादा ओळखून त्याला डॉक्टरकडे जाण्यास सुचवावे. जो वर्ग हे शिकवत नाही, तो कितीही चकचकीत असला तरी अपुरा समजावा.

भाषेचेही तेच. शिक्षण इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये होईल, पण आपल्या माणसाच्या मनातली चिंता पुष्कळदा क्रिओलमध्येच बाहेर पडते. तेव्हा सराव त्या भाषेतही करावा.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आमचे संभाषण कोण ऐकणार व कोण सुधारणार? किती तास? आणि येथील मान्यता कोणाची आहे?

शेवटी एक विनंती. पहिल्या पायरीच्या १०० तासांपैकी २५ तास विनामूल्य केलेले चालतात. जे या मार्गाला लागतील त्यांनी ते तास, नात्यागोत्याबाहेरच्या, आपल्या तरुण-तरुणींना द्यावेत. प्रथमच सुपरवायझर झालेल्या मुलीला सल्ला देणारे घरात पुष्कळ असतात. तिचे शांतपणे ऐकून घेणारा एक जण मिळाला, तर तिचे पाऊल नक्की पुढे पडेल.