हेडचं पॅकिंग गेलंय म्हणे!

"गुरुजी, हेडचं पॅकिंग गेलंय. इंजिन खोलावं लागंल."

मे 2023 मध्ये बीडच्या एका गॅरेजवाल्याने आमच्या अण्णांना हे ऐकवलं, तेव्हा त्याला बॉनेट उघडून किती वेळ झाला होता? अण्णांच्या म्हणण्यानुसार मागवलेला चहा अजून यायचा होता! गाडी 2007 सालची मारुती 800. सगळे योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला निघाले होते आणि मांजरसुंब्याच्या घाटात टेम्परेचरचा काटा वर गेला. गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडलं, आतला पांढरट फेस बोटाने दाखवला, झालं निदान. 23,500 रुपये. मी पुण्यात स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. फोनवर म्हणालो, "करून टाका अण्णा, मी पाठवतो." आणि पाठवले.

माझं भांडण गॅरेजवाल्याशी आहे, पण त्याहून जास्त त्या "करून टाका"शी आहे.

आता जरा तांत्रिक. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये जे पातळ पॅकिंग असतं ते हेड गॅस्केट. एका बाजूला स्फोटाचा दाब, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला ऑइल, आणि या तिघांची भेट होऊ द्यायची नाही एवढंच त्याचं काम. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून इंजिन फार तापलं की हेड वाकतं आणि पॅकिंग जातं. म्हणजे पॅकिंग जाणं हा बहुतेक वेळा परिणाम असतो. इंजिन तापलं का, हा प्रश्न वेगळाच राहतो!

आणि तापायची कारणं किती? थर्मोस्टॅट अडकला, पंखा लागत नाही, पाण्याचा पंप गेला, रेडिएटर चोंदला. नुसतं झाकण ढिलं झालं तरी पुरतं. झाकणामुळे साधारण एक बार जादा दाब टिकला तर पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. दाब गेला की शंभराच्या आसपासच उकळायला लागतं. फेसाचं म्हणाल तर गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली बाष्प साठून तसाच पांढरट फेस येतो. अण्णांची गाडी घर, बँक, भाजी मंडई एवढीच फिरते. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तोही असाच बिचारा निरपराध.

तपासण्या काही रॉकेट सायन्स नाहीत. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर संशय पक्का. रेडिएटरला हातपंप लावून दाब द्यायचा आणि उतरतो का बघायचा. निळ्या द्रवाची एक नळी मिळते, ती रेडिएटरच्या तोंडाशी धरायची. पाण्यात जळका वायू शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. सगळं मिळून तासाभराचं काम. यातलं एकही न करता इंजिन खोलणं म्हणजे लॉग न बघता प्रॉडक्शन सर्व्हर फॉरमॅट करणं. असं ऑफिसात कुणी केलं तर आपण त्याची काय हालत करू? आणि तेच आपण स्वतःच्या बापाच्या गाडीला बिनदिक्कत होऊ देतो.

पुढे काय झालं ते सांगतो. पावसाळाभर गाडी गावातल्या गावात छान चालली. दसऱ्याला पुन्हा अंबाजोगाई, पुन्हा तोच घाट, पुन्हा काटा वर. आता बोला! या वेळी मी स्वतः हजर होतो. दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो आणि आधीच सांगितलं, तपासायचे पैसे वेगळे देतो, काही निघालं नाही तरी देतो. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी जेवायच्या आधी बिल मागितलं. 600 रुपये घेतले. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला सारखं. दाब टिकला. मग त्याने रेडिएटर उतरवून दाखवला. निम्म्या नळ्या चुन्यासारख्या पांढऱ्या थराने बंद! वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी पडत होतं. आमच्याकडे त्या पाण्याने चहाच्या पातेल्याला थर चढतो हे सगळ्यांना माहीत, पण रेडिएटरही पातेलंच आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गावात ताण कमी, म्हणून उरलेल्या निम्म्या नळ्यांवर भागत होतं. घाटात भागेना. नवा रेडिएटर, कूलंट आणि मजुरी धरून 4,800.

"जुनी गाडी आहे, भंगारात घाल," असं पुण्यातले मित्र सांगतात. यांचे हप्ते पगारातून जातात. बीडला रेल्वे पोचली सप्टेंबर 2025 मध्ये, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला दवाखान्यापासून लग्नापर्यंत हीच गाडी नेते. 23,500 रुपये म्हणजे या गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास निम्मे. म्हणूनच ते खर्च करण्याआधी 600 रुपये खर्च करायला हवे होते.

गॅरेजवाल्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तासभर तपासून "काही झालं नाही" म्हटलं तर आपण त्याला एक रुपया देत नाही. "नुसतं बघितलं तर पैसे कसले?" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. डॉक्टरची फी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, सगळ्याला देतो, पण मिस्त्रीच्या निदानाची किंमत शून्य. मग तो निदानाचे पैसे दुरुस्तीत लावणार नाही तर काय करणार? खोललेलं इंजिन दिसतं, बिल पटतं. त्या बिलात खुद्द पॅकिंगची किंमत हजाराच्याही आत होती. बाकी मजुरी, हेडचं फेसिंग, ऑइल.

ते फेसिंग करण्याआधी हेड खरंच वाकलं होतं का, हे पट्टी ठेवून कुणी मोजलं होतं का? दिवाळीत मी त्या पहिल्या गॅरेजात जाऊन विचारलं. जुनं पॅकिंग तरी दाखवा म्हटलं, फुटलेलं असेल तर फुटलेली जागा दिसेल.

"ते भंगारात गेलं ना सर," तो म्हणाला, आणि चहा मागवला.